एका घरचे दोन धंदे व त्यांचे दोन हिशेब

आपल्या खेड्यांत एकाच धंद्यावर चालणारीं घरें थोडीं. कोणी किराणा दुकान संभाळून फावल्या वेळीं कपडे शिवितो, कोणी सुतारकी करून हंगामांत गुऱ्हाळावर जातो. जोडधंदा हें उद्योगी मनुष्याचें लक्षण होय. परंतु दोन्ही धंद्यांचा पैसा एका गल्ल्यांत पडूं लागला, म्हणजे कोणता धंदा घर पोसतो व कोणता बुडवितो हें कळेनासें होतें. म्हणून दोन हिशेब निराळे ठेवावे, हा आजचा पाठ आहे.

१. उदाहरण
समजा, एका दुकानदाराची महिन्याची विक्री ३०,००० रुपये झाली. विकलेल्या मालाची खरेदी २७,०००, भाडें व वीज यांचा दुकानाकडील वांटा १,५०० आणि बुडालेली उधारी २,५००, एकूण ३१,०००. म्हणजे दुकानांत १,००० रुपये तोटा. त्याच जागेंत तो शिवणकाम करितो. शिलाई ६,००० आली. दोरा, बटणें व गाडीभाडें यांचे १,००० आणि जागेचा वांटा ५०० वजा जातां ४,५०० उरले. सारें मिळून त्यास ३,५०० शिल्लक दिसते, व तो म्हणतो, "दुकान बरें चाललें आहे." मग कर्ज काढून तो आणखी माल भरितो. वास्तविक शिलाईच दुकानाची तूट भरीत असते!

तरी दुकान बंदच करावें असें नाहीं. ती उधारी बुडाली नसती, तर याच दुकानांत १,५०० रुपये नफा झाला असता. निराळा हिशेब रोगाचें मूळ दाखवितो, तें असें.

२. वही कशी लिहावी
रोजकीर्द एक असली तरी चालेल; पण प्रत्येक रकमेपुढें 'दुकान' कीं 'शिलाई' हें त्याच दिवशीं लिहावें. मोबाईलवरून आलेले पैसे एकाच बँकखात्यांत जमा होतात, म्हणून त्यांची नोंद निजण्यापूर्वीं अवश्य करावी. खतावणींत दोन्ही धंद्यांस निराळीं पानें द्यावीं, तिसरें उधारीस व चौथें घरखर्चास. दुकानांतून घरीं नेलेली साखरसुद्धां खरेदीच्या किमतीनें घरखर्चाच्या नांवें टाकावी. शिलाईपोटीं आगाऊ घेतलेली रक्कम कपडा हातीं देईपर्यंत मिळकत समजूं नये; तें गिऱ्हाइकाचें देणें आहे. शिवणकामास लागलेले तासही लिहावे. वरील ४,५०० रुपये ९० तासांचे असतील, तर ताशीं ५० रुपये पडले.

३. सरकारी हिशेब
पानें दोन असलीं तरी मालक एकच. आयकरासाठीं १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षांतील दोन्ही धंद्यांची मिळकत एकत्र धरितात. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तु व सेवा करांतही एका पॅन क्रमांकावरील सर्व उलाढालीची बेरीज पाहतात. जोडधंदा लहान आहे, म्हणून तो हिशेबाबाहेर राहत नाहीं.

अभ्यासासाठीं प्रश्न
(१) गेल्या महिन्यांत आपल्या कोणत्या धंद्यानें घर चालविलें? वहीवरून सांगा.
(२) घरीं नेलेला माल कोणत्या पानावर लिहिला?
(३) नवें कर्ज ज्या धंद्यासाठीं काढावयाचें, त्याचाच नफा तें फेडूं शकेल काय?