घरोघरी विक्रीचा धंदा : धरावा की नाही?

यंत्रमाग बंद पडला, दुकानाची भावाभावांत वाटणी झाली किंवा मुलगा पदवी घेऊन घरी बसला की आजकाल एक सल्ला हटकून मिळतो : डायरेक्ट सेलिंग कर. दुकान नको, पागडी नको, भांडवल नको. आमच्या पेढीवर कापड घ्यायला येणारे तरुण हा विषय काढतात, कधी त्यांचे वडीलही काढतात. त्यांना तोंडी जे सांगतो तेच येथे थोडे सविस्तर मांडत आहोत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की हा धंदा आपल्या लोकांना नवीन नाही. मणियार भगिनी पिढ्यान्‌पिढ्या घरोघर जाऊन बांगड्या भरीत आल्या. अत्तर-सुरम्याची पेटी घेऊन गल्लोगल्ली फिरणारे आपण पाहिले आहेत. हिवाळ्यात काश्मिरी शालवाले पाठीवर गाठोडे घेऊन येतात आणि गेल्या साली दिलेल्या शालीचे उरलेले पैसे यंदा वसूल करतात. गिऱ्हाइकाने दुकानात येण्याऐवजी दुकानाने गिऱ्हाइकाकडे जायचे, एवढाच याचा अर्थ. कंपन्यांनी याला शिस्त लावली. १९८२ साली सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सची टाय बांधलेली मुले व्हॅक्यूम क्लीनर आणि पाणी शुद्ध करण्याचे यंत्र घेऊन शहरातल्या दारांवर जाऊ लागली. बाजार खुला झाल्यावर १९९५ मध्ये ओरिफ्लेम, १९९६ मध्ये टपरवेअर व मोदीकेअर आणि १९९८ मध्ये अ‍ॅमवे यांची विक्री आपल्या देशात सुरू झाली. साबण, मलम, डबे, शक्तीच्या गोळ्या असा माल ओळखीच्या माणसांमार्फत घरात येऊ लागला.

मात्र या एकाच नावाखाली दोन निराळे धंदे चालतात आणि सारा घोटाळा तेथेच होतो. एका प्रकारात तुम्ही माल विकता आणि विकलेल्या मालावर नफा किंवा कमिशन मिळवता. दुसऱ्यात माल हे निमित्त असते. तुम्ही माणसे जोडता, ती पुढे माणसे जोडतात आणि त्यांनी भरलेल्या पैशातून तुमचा वाटा येतो. हॉलमध्ये सभा भरते, कोणी तरी मोटारीची किल्ली दाखवतो, टाळ्या वाजतात. मालाविषयी पाच मिनिटे आणि साखळीविषयी दोन तास बोलणे चालले तर आपण कोणत्या धंद्यात बसलो आहोत हे ओळखावे.

साखळीचा हिशोब कागदावर मांडून पाहावा, त्याला मोठे शिक्षण लागत नाही. समजा एकाने सहा माणसे जोडली आणि त्या प्रत्येकाने सहा. दुसऱ्या पायरीवर ३६, तिसरीवर २१६, चौथीवर १,२९६, पाचवीवर ७,७७६, सहावीवर ४६,६५६, सातवीवर २,७९,९३६. आठव्या पायरीला १६,७९,६१६ माणसे लागतील. २०११ च्या जनगणनेत सारे मालेगाव शहर पावणेपाच लाखांच्या आसपास होते, पाळण्यातली मुले धरून! साखळी कुठे तरी तुटणार हे उघड आहे. पण याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. साखळी कुठेही थांबवा, शेवटच्या पायरीवरची माणसे एकूण माणसांच्या सहापैकी पाच निघतात. म्हणजे तोटा फक्त शेवटी येणाऱ्यांनाच होतो असे नाही, कोणत्याही दिवशी मोजणी केली तरी सहातल्या पाच जणांखाली कोणीच नसते. त्यांची कमाई मालावर झाली तरच होणार, आणि माल महाग असेल तर तीही होणार नाही.

अमेरिका हे या धंद्याचे माहेर. तेथील फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्यांनी अशा ७० कंपन्यांनी स्वतःच प्रसिद्ध केलेली उत्पन्नाची पत्रके तपासून सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला. त्यातील बहुतेक सदस्यांची वर्षाची मिळकत १,००० डॉलर किंवा त्याहून कमी होती. त्या पत्रकांत बहुधा सदस्याचा स्वतःचा खर्च वजा केलेला नव्हता.

आता खऱ्या विक्रीचा हिशोब पाहू. उदाहरण आमच्या मालाचे घेतो. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचे घालावेत. समजा ड्रेस मटेरियलचा एक नग ४२० रुपयांना पडला आणि ६०० ला विकला. नगामागे १८० सुटले. महिन्याचे २५ दिवस, रोज १५ घरे, म्हणजे ३७५ दारे. दहा घरांमागे एक गिऱ्हाईक धरले तर सुमारे ३७ नग गेले आणि ६,६६० रुपये हाती यायला हवेत. यातून गाडीभाडे रोजचे ६० प्रमाणे १,५०० गेले. न खपलेले रंग शेवटी पडत्या भावात काढावे लागतात, त्यात ७०० गेले. दोन नगांची उधारी बुडाली, तेथे १,२०० गेले. राहिले ३,२६०. महिनाभर उन्हात चालून एवढेच! पण त्याच माणसाला पाच घरांमागे एक गिऱ्हाईक मिळू लागले तर ७५ नग जातात, १३,५०० सुटतात. उधारीचे चार नग बुडाले असे धरून २,४०० आणि बाकीचा खर्च तोच वजा केला तरी ८,९०० राहतात. चालणे तेवढेच, कमाई पावणेतीन पट. फरक पडला तो दारामागे किती गिऱ्हाइके यातच.

हे प्रमाण पहिल्या फेरीत कोणालाच मिळत नाही. फेरीचा धंदा दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत असतो. ज्या घरी मागच्या महिन्यात रंग उतरला नाही, कापड आटले नाही, त्या घरची बाई शेजारणीला हाक मारून बोलावते. म्हणून एकाच मोहल्ल्यात पुन्हापुन्हा जाणारा टिकतो, रोज नवे गाव शोधणारा दमतो. हे ज्याला तीन-चार महिने सोसणार नाही, म्हणजे तेवढे दिवस घरखर्च चालवण्याची दुसरी सोय ज्याच्याकडे नाही, त्याने चालू मजुरी सोडून यात उडी घेऊ नये. सुट्टीच्या दिवशी फेरी करून पाहावे. मालेगावात मागांना शुक्रवारी सुट्टी असते, तो दिवस घ्यावा. आठ शुक्रवार फिरून वहीत नोंद ठेवावी : किती दारे, किती नग, किती रोख, किती उधार. कोणत्याही सभेपेक्षा ती वही खरा सल्ला देईल.

उधारीविषयी थोडे जास्त लिहितो, कारण आमच्या डोळ्यांदेखत जे फेरीवाले बसले ते विक्री कमी म्हणून बसले नाहीत, वसुली न झाल्याने बसले. गिऱ्हाइकाचा पैसा कोणत्या दिवशी येतो हे विकणाऱ्याला ठाऊक पाहिजे. नोकरदाराकडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, मागावरच्या कामगाराकडे आठवड्याच्या पगाराला, शेतकऱ्याकडे कापूस किंवा कांदा विकला की. त्या दिवशी दारात असणारा वसूल करतो, चार दिवसांनी जाणाऱ्याला चहा मिळतो. पहिली बाकी फिटल्याशिवाय दुसरा नग देऊ नये, मग ती सख्खी मावशी का असेना. नातेवाइकांना तर सुरुवातीला विकूच नये असे आम्ही सांगतो. ते भिडेखातर घेतात, त्यावरून तुमच्या मालाला मागणी आहे की नाही हे कळत नाही.

ही भीड साखळीवाल्यांनी बरोबर हेरली आहे. त्यांची पहिली यादीच मामा, चुलते, मित्र आणि जमातीतले ओळखीचे यांची असते. आमच्या बाजारात घडीचे काम करणाऱ्या एका इसमाने बायकोच्या कानातले मोडून अशा एका योजनेत पैसे भरले आणि दोन मेहुण्यांनाही भरायला लावले. वर्षभरात कार्यालयाला कुलूप लागले. त्याचे स्वतःचे पैसे गेले ते एक दुःख, पण मेहुण्यांनी बोलणे टाकले ते आजतागायत. दुकानात तोटा आला तर उधारीवर पुन्हा माल मिळतो, कारण बाजारात शब्द शिल्लक असतो. येथे भांडवल म्हणून शब्दच घातलेला असतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. पैसे फिरवण्याच्या योजनांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. त्यांनुसार पिरॅमिड पद्धतीला मनाई आहे, विक्रेत्याशी लेखी करार आवश्यक आहे आणि ओळखपत्राशिवाय व आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय विक्रेत्याने गिऱ्हाइकाच्या घरी जाऊ नये. कंपनीकडे जाताना तोच करार मागावा. न खपलेला माल ती परत घेते काय, किती दिवसांत, किती कापून, हे त्यात पाहावे. मग एक साधा प्रश्न विचारावा : जो सभासद नाही आणि होणारही नाही, असा माणूस हा माल या किमतीला विकत घेतो काय? तसाच साबण किराणा दुकानात निम्म्या भावात मिळत असेल तर उत्तर आपल्याला मिळाले.

कमाई हलाल की नाही असेही पुष्कळ जण विचारतात. माल विकून नफा घेण्यात अडचण नाही, मालातला ऐब लपवला तर मात्र आहे. दुसऱ्याच्या भरतीवर मिळणाऱ्या कमिशनविषयी आलिमांना विचारावे आणि विचारताना कराराचा कागद पुढे ठेवावा. लोक अर्धी हकीकत सांगून मसला विचारतात आणि सोयीचे उत्तर घेऊन येतात.

माणूस कोणता लागतो? गोडबोल्या लागतो हा समज चुकीचा आहे. वीस घड्या उलगडून एकही नग न जाता हसत पुन्हा घड्या घालणारा लागतो. ज्याला नकार मनाला लागतो, त्याने दुकानात बसावे, त्यात कमीपणा नाही. भाषेची भीती मात्र बाळगू नये. आम्ही स्वतः उर्दू माध्यमात शिकलो, मराठी आम्हाला बाजाराने शिकवली. सुरुवातीला गिऱ्हाईक हसले, पण कापड घेऊन गेले. दिवाळी, लग्नसराई, शाळा उघडण्याचे दिवस हे ज्याला पाठ आहेत त्याला रमजान ईदपुरते थांबून राहावे लागत नाही.

आणि या कामात पुरुषांपेक्षा स्त्रियांना वाव अधिक आहे असे आमचे मत आहे. घरातल्या बैठकीत त्यांना सहज प्रवेश असतो, माप-रंगाची चर्चा त्या मोकळेपणी करतात, आणि बिशीच्या दिवशी पैसे कोणाकडे आहेत हे त्यांना आधीच ठाऊक असते. आमच्याकडून माल नेणाऱ्या दोन विधवा भगिनी घराबाहेर फारशा न पडता आपल्याच गल्लीत विक्री करतात. त्यांची उधारी वही आमच्या वहीपेक्षा स्वच्छ असते.

सुरुवात पंधरा-वीस नगांनी करावी. व्यापाऱ्याशी बदलून घेण्याची बोली आधीच करावी, म्हणजे न खपलेला रंग अंगावर पडत नाही. केवळ राज्यातच माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेतोवर सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही, मात्र खरेदीची पक्की बिले पहिल्या दिवसापासून एका फाइलीत लावावीत.