संकेतस्थळावरून गुळाची थेट विक्री

संकेतस्थळ हा शब्द आतां शेतकरी बंधूंस नवा राहिलेला नाहीं. सन २०२१ पासून पीकपाहणीची नोंद खातेदार स्वतःच मोबाईलवरून करूं लागला आहे, व डिजिटल सहीचा सातबारा काढण्यास चावडीची पायरी चढावी लागत नाहीं. तथापि ज्या साधनानें आपण सरकारी कागद मिळवितों त्याच साधनानें आपला माल विकतां येईल काय, येत असल्यास त्याची रीत कोणती, आणि त्यांत फसगत कोठें होते, याचा विचार आपल्या मंडळींत फारसा झालेला दिसत नाहीं. कित्येकांनीं उत्साहानें संकेतस्थळें काढलीं व वर्षा-दोन वर्षांत तीं ओस पडलीं. म्हणून या विषयाचीं मुख्य अंगें येथें मांडण्याचें योजिलें आहे. उदाहरणादाखल गूळ घेतला आहे. परंतु हळद, बेदाणा, काजू यांच्या विक्रीसही यांतील बहुतेक गोष्टी लागू पडतील.

गूळच घेण्याचें कारण असें कीं, थेट विक्रीची खरी गरज त्याला आहे. कोल्हापूरची शाहूपुरी पेठ शाहू छत्रपतींनीं १८९५ सालीं वसविली आणि गुळाच्या व्यापारानें ती नांवारूपास आली. कोल्हापुरी गुळास २०१४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. पण सौद्यांत गुळाची पारख प्रथम होते ती रंगावर. पिवळाधमक रवा पुढें, काळसर रवा मागें. हा पिवळेपणा आणण्यासाठीं कित्येक गुऱ्हाळांतून काहिलींत हायड्रॉस घालतात. जो शेतकरी तें न घालतां भेंडीच्या चिकट रसानें मळी काढून गूळ करितो, त्याचा गूळ तांबूस-काळसर उतरतो व सौद्यांत त्यास कमी भाव पत्करावा लागतो. उलट शहरांतील पुष्कळ गिऱ्हाईक हाच गूळ शोधीत असतें आणि त्यासाठीं चार पैसे अधिक मोजण्यासही तयार असतें. या दोघांची गांठ पडत नाहीं. ती घालून देणें एवढेंच संकेतस्थळाचें काम आहे. याहून अधिक अपेक्षा त्याजकडून करूं नये.

प्रथम हिशेब पाहूं. गूळ हा जड आणि स्वस्त जिन्नस आहे, ही गोष्ट संकेतस्थळ बनवून देणारा आपणांस सांगणार नाहीं. समजा, गुऱ्हाळावर एक किलो गूळ ६० रुपयांस पडला. तो एकाच किलोनें पुण्यामुंबईस पाठविल्यास खोक्यास १५ व पार्सलास ८० रुपये धरले, तर घरपोंच १५५ रुपये पडतात; यांत शेतकऱ्याचा नफा अद्याप धरलेलाच नाहीं. पांच किलोंस गूळ ३००, खोकें ४० व पार्सल २०० धरल्यास ५४० होतात, म्हणजे किलोस १०८. आणि एका सोसायटीतील दहा घरांनीं मिळून वीस किलो मागविला, व तो मालमोटारीनें एकाच पत्त्यावर गेला, तर गूळ १२००, खोकीं १०० व भाडें १६० मिळून १४६०, म्हणजे किलोस ७३ रुपये. हे आंकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकानें आपल्या गांवचे भाव घालून हें गणित करावें. पण त्यांतून निघणारी गोष्ट बदलत नाहीं. किलो-अर्धा किलोच्या मागण्या गोळा करण्यासाठीं संकेतस्थळ चालविणें म्हणजे वाहतूकवाल्याची चाकरी करणें होय. पांच किलोंहून कमी माल पाठविला जाणार नाहीं असें पानावर स्पष्ट लिहावें, आणि सगळा भर एकत्र मागणी करणाऱ्या सोसायट्या, बचत गट, मिठाईवाले व किराणा दुकानदार यांच्यावर ठेवावा. सुटें गिऱ्हाईक हवेंच असेल तर तें आपल्या तालुक्याचें व जवळच्या शहराचें पाहावें.

आतां संकेतस्थळाच्या नांवाविषयीं. या लेखांतील हा भाग वाचकांनीं विशेष लक्ष देऊन वाचावा, कारण अत्यंत नुकसान होतें तें येथें. संकेतस्थळाचा जो पत्ता असतो तो कायमचा विकत मिळत नाहीं. तो वर्षाच्या बोलीनें नोंदवावा लागतो व मुदत संपण्यापूर्वीं पैसे भरून चालू ठेवावा लागतो. ही नोंदणी ज्याच्या नांवें, पत्ता त्याचा. पुष्कळ शेतकरी हें काम एखाद्या ओळखीच्या मुलाकडे सोंपवितात. तो आपल्याच खात्यांतून, आपल्याच ई-मेलवर नोंदणी करितो, आणि शेतकऱ्यास वाटतें कीं पैसे आपण दिले म्हणजे वस्तू आपली झाली. माझ्या पाहण्यांतील एका बागाईतदारानें चार वर्षें आपल्या खोक्यांवर असा पत्ता छापला. पुढें बनविणाऱ्याशीं पैशांवरून तंटा होऊन त्यानें तो पत्ता बंद केला. खोकीं घरोघर गेलेलीं, गिऱ्हाईक पत्ता टाकतें तों समोर कोरें पान. आमच्या महसूल खात्याच्या कामांत नोंदीचें महत्त्व काय असतें हें सांगावयास नको. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणें हक्कनोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, आणि चुकीची असल्यास प्रांताकडे अपील तरी करतां येतें. संकेतस्थळाच्या नांवाविषयींही दाद मागण्याचा मार्ग आहे, पण तो दूरचा व खर्चाचा. म्हणून नोंदणी स्वतःच्या अगर आपल्या संस्थेच्या नांवें, स्वतःच्या ई-मेलवर व स्वतःच्या मोबाईलवर करावी. बनविणाऱ्यास कामापुरता प्रवेश द्यावा. पैसे भरल्याची पावती, नोंदणीची मुदत आणि परवलीचा शब्द हे सातबाराच्या दप्तरांतच ठेवावेत, म्हणजे आपल्यामागें मुलांस शोधाशोध करावी लागणार नाहीं.

नांव लहान असावें, फोनवरून एकदां सांगतांच दुसऱ्यास लिहितां यावें. '.भारत' या शेवटाचे देवनागरी पत्तेही २०१४ पासून मिळूं लागले आहेत. ते अवश्य घ्यावेत, परंतु जोडीस रोमन लिपींतील पत्ता असूं द्यावा, कारण अद्याप बहुतेक लोक रोमन लिपींतच टंकतात.

पानाच्या रचनेविषयीं मोठें शास्त्र सांगतात. आपल्यापुरतें थोडें पुरे. येणारें गिऱ्हाईक बहुधा मोबाईलवर, पुष्कळदां मंद जाळ्यावर, आपलें पान उघडतें. त्याच्या बोटाखालीं पहिल्या पडद्यावरच चार गोष्टी आल्या पाहिजेत : काय विकतां, कोणत्या गांवीं, काय भावानें, आणि फोन कोठें करावा. फोनचा क्रमांक असा घालावा कीं त्यावर बोट ठेवतांच फोन लागावा. फिरतीं चित्रें, वाजणारें संगीत, उडतीं अक्षरें यांस पैसे देऊं नयेत. भाव लिहिण्यास आपले लोक कचरतात. 'भावासाठीं संपर्क साधा' असें लिहितात. ज्या दुकानांत भाव सांगत नाहींत त्या दुकानाची पायरी आपण तरी चढतों काय? भाव, तो कोणत्या तारखेपर्यंतचा आहे, व वाहतूक त्यांत धरली आहे कीं नाहीं, हें सर्व उघड असावें.

छायाचित्रें स्वतःच्याच गुऱ्हाळाचीं असावींत. परक्या ठिकाणचीं उचललेलीं चित्रें गिऱ्हाईक ओळखतें, शिवाय तीं दुसऱ्याच्या मालकीचीं असतात. सकाळच्या उजेडांत, पांढऱ्या कापडावर रवा ठेवून चित्र घ्यावें. एक अख्ख्या रव्याचें, एक फोडलेल्या खड्याचें, एक उकळत्या काहिलीचें, आणि एक ऊस तोडीत असलेल्या आपल्या शेताचें. मोबाईलमध्यें रंग उजळण्याच्या युक्त्या असतात, त्या येथें मुळींच वापरूं नयेत. ज्या काळसर रंगासाठीं सौद्यांत भाव मार खातो तोच रंग येथें आपला पुरावा आहे; चित्रांत तो पिवळा करून टाकल्यास घरीं पोंचलेला माल पाहून गिऱ्हाईक आपणांसच लबाड ठरवील. चित्र घातल्यावर त्याचें वजन पाहावें. मोबाईलनें काढलेलें एकेक चित्र चार-पांच एमबी भरतें. तें आकार कमी करून दोनशें केबीच्या आंत आणावें, नाहींतर पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जाईल. तसेंच भाव व पत्ता चित्रांत कोरून घालूं नये, साध्या अक्षरांत लिहावा. गूगलसारखीं शोधयंत्रें मुख्यतः अक्षरांवर चालतात. चित्रांतील मजकूर त्यांच्या हातीं लागेलच असा भरंवसा नाहीं.

शोधयंत्रांत आपलें पान वर यावें म्हणून पैसे घेणारे पुष्कळ भेटतात. त्यापूर्वीं फुकट होणाऱ्या दोन गोष्टी कराव्यात. एक, पानाच्या शीर्षकांत नुसतें दुकानाचें नांव न लिहितां 'बिनरसायन गूळ, अमुक गांव, अमुक तालुका' असें लिहावें, आणि गूळ, काकवी, गूळ पावडर हे शब्द जसे लोक बोलतात तसे मजकुरांत यावेत. मराठींत एकदां व इंग्रजींत एकदां. दुसरी, गूगलच्या नकाशावर आपल्या गुऱ्हाळाची नोंद करावी. ती विनामूल्य असते. जागा खरोखर आपली आहे याची ते फोन, पत्र किंवा चित्रफितीवरून खात्री करून घेतात. हमरस्त्याजवळच्या गुऱ्हाळास तर संकेतस्थळापेक्षां ही नोंदच अधिक उपयोगी पडते, असें माझें मत आहे. हंगामाचे महिने व वेळा तींत बरोबर लिहाव्यात. बंद गुऱ्हाळावर येऊन परत गेलेलें गिऱ्हाईक पुन्हां येत नाहीं.

आतां लिहूं नये तें. 'सेंद्रिय' हा शब्द प्रमाणपत्र असल्यावांचून वापरूं नये. त्याऐवजीं काय घातलें व काय घातलें नाहीं तें सरळ सांगावें. गुळानें मधुमेह बरा होतो अशा जाहिराती पुष्कळ दिसतात. गूळ हा अखेर साखरेचाच प्रकार. मधुमेह्याचें त्यानें अहितच व्हावयाचें. शिवाय १९५४ च्या औषधें व जादूटोण्याचे उपाय यांच्या जाहिरातींसंबंधींच्या कायद्यानें ज्या रोगांच्या उपायांची जाहिरात मना आहे त्यांत मधुमेह येतो. मानांकित 'कोल्हापुरी गूळ' हें नांव लावावयाचें तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी. डबाबंद गूळ विकणाऱ्यानें २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखालीं नोंदणी करून चौदा आंकडी क्रमांक वेष्टनावर छापावा. निव्वळ वजन, कमाल किंमत, बांधणीचा महिना व वर्ष, आणि नांवपत्ता हीही वेष्टनावर असावयास पाहिजेत. करासंबंधीं शेतमालाची सूट गुळास कितपत लागते हें करसल्लागारास विचारून मगच परराज्यांत माल पाठवावा. २०२० च्या ई-व्यापार नियमांप्रमाणें तक्रार आल्यास ४८ तासांत पोंच व महिन्याभरांत निकाल द्यावा लागतो. यासाठीं घरांतील एक माणूस नेमून त्याचा क्रमांक पानावर द्यावा. फुटका किंवा पाझरलेला माल पोंचल्यास काय करणार हेंही आधींच लिहून ठेवावें. पावसाळ्यांत हवेची ओल लागून गूळ पाझरतोच. हवाबंद बांधणीची सोय नसेल तर जुलै-ऑगस्टमध्यें मागणी घेऊंच नये.

मागणी घेण्यास व्हॉट्सॲपचा व्यापारी प्रकार पुरेसा आहे. तो आपल्याकडे २०१८ पासून मिळतो व त्यांत मालाची भावासह यादी ठेवतां येते. जुन्या गिऱ्हाइकांची यादी करून हंगाम सुरू होतांच त्यांस एक निरोप पाठवावा. रोज 'शुभ सकाळ' पाठवूं नये. जुन्या गिऱ्हाइकांची ही यादी हीच पुढें खरी पुंजी होते. तिच्यापुढें अनोळखी हजार माणसांच्या पसंतीच्या खुणांना कांहीं किंमत नाहीं.

पैशांच्या बाबतींत एक कावा ठाऊक असावा. स्वतःस लष्करांतील अधिकारी म्हणविणारा कोणी मोठी मागणी नोंदवितो व 'पैसे पाठवितों, हें चौकोनी चिन्ह वाचून आपला पिन टाका' असें सांगतो. यूपीआयवर पैसे घेण्यास पिन कधींच लागत नाहीं. पिन लागतो तो देण्यास. तसेंच भरणा केल्याचें नुसतें चित्र पाहून माल सोडूं नये, बँकेच्या खात्यांत रक्कम जमा झालेली पाहावी. फसगत झालीच तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. जितकी घाई तितकी रक्कम अडकवून ठेवण्याची आशा अधिक.

पैसे देऊन करावयाच्या जाहिराती पहिल्या हंगामांत टाळाव्यात. पुढें केल्यास फक्त एका शहरापुरत्या, ठरलेल्या दिवसांच्या व ठरलेल्या रकमेच्या कराव्यात, आणि किती लोकांनीं पाहिली हें न मोजतां किती किलो गूळ गेला तें वहींत मांडावें. जाहिरातीचा खर्च त्या किलोंवर वांटून पाहिला म्हणजे ती चालू ठेवावी कीं बंद करावी हें आपोआप ठरतें.

गुऱ्हाळें दिवाळीच्या सुमारास पेटतात. त्यापूर्वीं नांवाची नोंदणी, नकाशावरील खात्री व अन्नसुरक्षेचा क्रमांक हीं तिन्ही कामें हातीं असावींत. यांस कधीं आठवडा लागतो, कधीं महिना. तेव्हां आरंभ श्रावणांत करावा. चित्रें मात्र पहिली काहील उतरेल त्या दिवशीं नवीं काढून घालावींत, मागील सालचीं ठेवूं नयेत, कारण ऊस, जमीन व हवा यांप्रमाणें गुळाचा रंग दरसाल थोडाफार बदलतो.