गांवच्या इतिहासाचे साक्षी

कल्याण, मुंब्रा, पनवेल व महापे या चहूंकडच्या वाटा शीळफाट्यावर मिळतात. येथून नित्य हजारों वाहनें धांवतात. परंतु आसपासच्या जुन्या खुणा पाहण्यास थांबणारे विरळाच.

इ. स. १७८७ च्या सुमारास ठाण्याच्या किल्ल्यांत खोदकाम चाललें असतां ताम्रपट सांपडले. त्यांत शिलाहार राजा अरिकेसरी यानें शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७ मध्यें केलेलें दान नोंदलेलें होतें. ते पत्रे तेव्हां मोडींत गेले असते, तर एवढा पुरावा कायमचा बुडाला असता.

आतां दुसरें उदाहरण पाहूं. सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या व्यापाऱ्यानें ‘कल्लियाना’ येथें ख्रिस्ती लोक व बिशप असल्याचें लिहून ठेविलें. तें स्थळ आपलें कल्याणच, असें पुष्कळ विद्वान मानितात. परंतु त्या मंडळीचें उपासनास्थान कोठें होतें, हें आज कोणासही दाखवितां येत नाहीं. लेख उरला, जागा हरपली.

हीच गत आपल्या गांवांची होऊं नये. खिडकाळीचें महादेवाचें देऊळ सर्वांस ठाऊक आहे. परंतु शेताचें, विहिरीचें वा खाडीच्या उताराचें जुनें नांव घरांतील वृद्धांसच ठाऊक असतें. शेतावर इमारत उठली कीं नांवही पुसलें जातें.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस व ग्रामस्थांस विनंती करितों कीं, अशी माहिती टिपून शाळेंत आणून द्यावी. कोणी, कोठें व कोणत्या दिवशीं सांगितलें, हें अवश्य लिहावें. डोळ्यांनीं पाहिलेलें व कानांनीं ऐकलेलें वेगवेगळें मांडावें. दंतकथाही लिहावी, मात्र ती दंतकथा म्हणूनच. वर सूर्यचंद्र, मध्यें लेख व खालीं गाढवाची आकृति असा दगड आढळल्यास तो ‘गधेगाळ’ होय. दान मोडणाऱ्यास त्यावर शाप कोरलेला असतो. असा दगड हलवूं नये, खरवडूं नये. त्याचें छायाचित्र घ्यावें.

यार्देन उतरल्यावर यहोशवानें बारा धोंडे उभे केले, ते याचसाठीं कीं मुलांनीं पुढें त्यांचा अर्थ विचारावा व वडिलांनीं सांगावा. आपले वडील सांगावयास अद्याप आहेत. विचारण्याचें काम तुमचें. तें या सुटींतच करा.