पोंगलची राख

अगं, पोंगलच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या अंगणात आले, तर तू चुलीतली राख बादलीत भरून कचऱ्याच्या गाडीची वाट बघत उभी! बादलीही प्लास्टिकची. सासूबाई समोर होत्या म्हणून तेव्हा बोलले नाही. आता निवांत आहेस तर ऐक.

आधी ती बादली बदल. राख वरून गार लागते, पण पोटात निखारा दोन-दोन दिवस जिवंत असतो. कुंभकोणमला आले त्या पहिल्याच वर्षी माझी अशीच बादली वितळली नि शेजारच्या झावळ्यांनी पेट घेतला. गोठा थोडक्यात वाचला. तेव्हापासून झाकणाचा पत्र्याचा डबा, आणि तीन दिवस त्याला हात लावायचा नाही. डबा कोरड्यात ठेव. राखेतलं पालाश पाण्यात विरघळतं. भिजली की कस गेला.

सुरूचं सरपण, करवंट्या, झावळ्या यांचीच राख चाळून घे. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड जाळलं असेल तर ती राख कचऱ्यातच जाऊ दे.

सासूबाईंनी दिलेली ती पितळी समई, नाचियारकोविलचा कुत्तुविळक्कु, आहे ना, तिच्या वातीच्या खोबणीत तेलाचा काळा चिकटा बसलाय. तिथे काथ्याने कोरडी राख चोळ. राखेतला क्षार तेल सोडवतो. पुसून घे, मग चिंचेचा कोळ लाव, धू, आणि शेवटी कोरड्या फडक्यावर चिमूटभर राख घेऊन जिल्हई दे. राख नि चिंच एकत्र कालवू नकोस, एकमेकींचा जोर मारतात. ॲल्युमिनियमला तर राख नकोच, काळं पडतं. आणि ओली राख हाताला झोंबते, तेवढं सांभाळ.

आता बाग. तुझ्या चिपळूणला अळूला, केळीला ओंजळीने राख घालत असतील. ती तांबडी माती आंबट, तिला राख मानवते. ही कावेरीच्या गाळाची माती तशी आंबट नाही. मी गावच्या हिशोबाने घातली आणि माझा कढीपत्ता पिवळा पडला. माती फार अल्कधर्मी झाली की मुळांना लोह घेता येत नाही. फार वाईट वाटलं गं, हाताने लावलेलं झाड होतं. इथे केळीला दोन मुठी, बुंध्यापासून हातभर लांब, दोन महिन्यांतून एकदा. कुंड्यांना नको. आणि शेणखतात तर मिसळूच नकोस, नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

उरलेली उडदासाठी ठेव. आता सांबा हंगामाच्या उभ्या भातात उडीद फोकतील, मार्च-एप्रिलमध्ये घरी येईल. त्यातलं बियाणं कडक वाळवून कोरड्या राखेत कालवून ठेवलं की भुंगा फिरकत नाही. मामंजींना विचारून मगच कर हं, त्यांच्याकडे आधीपासूनची पद्धत असेल.

शनिवारी येते. बारीक चाळणी माझ्याकडची आणते, तू पत्र्याचा डबा तेवढा शोधून ठेव.