रविवारपर्यंत कात्री लावू नकोस

ठाणे, नौपाडा

चि. सायलीस,


काल रात्री ताईचा फोन आला. अण्णांचं पाइन गेल्यातच जमा आहे, म्हणाली. गॅलरीभर सुयांचा सडा, कुंडीच्या भोकातून पांढरी बुरशी, खोडावर निळसर काहीतरी माजलंय, आणि सायली रविवारी ते सगळं कापून, मुळं स्वच्छ धुऊन नव्या मातीत लावणार आहे. मला झोप लागली नाही. झाडापेक्षा तुझ्या कात्रीचीच धास्ती वाटली. फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतेस आणि मनातलंच करतेस, म्हणून लिहून पाठवतोय.

आधी ते निळसर. त्याला हात लावू नकोस. सुयांचा एक झुबका उपटून मोज, तीन सुया एकत्र निघतील. जपानी काळ्या पाइनच्या दोन असतात, पांढऱ्याच्या पाच. आपलं हिमालयातलं चीड आहे. अण्णा सर्व्हे ऑफ इंडियात देहरादूनला होते तेव्हा रोप आणलं, ही गोष्ट तू शंभर वेळा ऐकली आहेस. बहुतेक पाइन जुन्या लाकडातून फुटत नाहीत, चीड फुटतं. फांदी तुटली, आग लागली, मोठा धक्का बसला की ते खोडातून नवे कोंब काढतं, आणि त्या कोंबांच्या सुया पहिल्या पहिल्यांदा एकेकट्या, आखूड आणि निळसर राखाडी असतात. भिंग घेऊन बघ. बुरशीला सुया नसतात! झाडाला त्रास झालाय हे खरं, पण हा कोंब म्हणजे त्यातून उठायची त्याची धडपड आहे, आणि तू नेमकी तीच खरवडायला निघालीस.

सुया गळतात म्हणशील, तर वैशाखात त्या गळायच्याच. उत्तराखंडात याच दिवसांत चीडच्या जंगलात वाळक्या सुयांचा जाड थर साचतो. तिथले लोक त्याला पिरूल म्हणतात, आणि वणवे भडकतात ते त्यावरच. कुठल्या सुया गळतात ते बघ. आतल्या, जुन्या असतील तर झाडून टाक आणि विसर. शेंड्याच्या, यंदाच्या सुया टोकाकडून तांबूस होत असतील तर मात्र मुळांकडे किंवा पाण्याकडे बोट जातं. तुमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं ना? क्षार साचले की टोकं अशीच करपतात.

भोकातल्या पांढऱ्याचा वास घे. पावसाळी रानातल्या अळंबीसारखा वास आणि कोळिष्टकासारखे तंतू असतील, तर ती मायकोरायझा, पाइनच्या मुळांची सोबतीण. ती धुऊन काढलीस तर झाडाची उपासमार होईल. मेणचट पुंजके असून त्यांत काही वळवळत असेल तर पिठ्या ढेकूण. आणि घाण वास, काळं मूळ, चिमटीत धरलं की साल सरकतेय, तर ती खरी कूज. तिघांचे उपाय तीन आहेत. तू तिन्हींवर एकच करणार होतीस.

आणि औषधं! मॅन्कोझेब, कडुनिंबाचं तेल, वर युरिया, एकाच आठवड्यात? मे महिन्याच्या उन्हात तेल मारलं की सुया भाजतात, आजारी मुळांना खत सोसत नाही. तू बघितलेल्या व्हिडिओतल्या माणसाने शेंडे खुडायला सांगितले ते काळ्या पाइनचे, तेही धडधाकट झाडाचे. ताई सगळं खापर तुमच्या डोंबिवलीच्या एमआयडीसीवर फोडते. 2020 साली तिथला रस्ता गुलाबी झाला होता, तेव्हा तिचंही चूक नाही. पण हवेत विष असतं तर शेजारच्या जोशीकाकूंची तुळस आणि जास्वंदही करपली असती. त्या टवटवीत असतील तर दुखणं तुझ्या कुंडीत आहे.

रागावलो. असो. अण्णा कुंडी बदलायला बसले की मला हाक मारायचे आणि मी बॅट घेऊन सेंट्रल मैदानावर. त्यांनी झाडाची कुठली बाजू दर्शनी ठरवली होती, हेही मी कधी विचारलं नाही. पुढे पुस्तकं वाचली, पण ती पुस्तकांतली माणसं अण्णा नव्हती. तू निदान त्यांच्या शेजारी पाटावर बसायचीस.

मला खरी भीती पावसाची आहे. पाइनची मुळं कुजली तरी वरच्या सुया कित्येक आठवडे हिरव्या राहतात. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून हिरव्या रंगावर जाऊ नकोस. एखाद्या बारीक फांदीची साल नखाने ओरखड, खाली ओलं हिरवं दिसायला हवं. सुई मोड, राळेचा वास यायला हवा. पांढरा कागद धरून फांदी झटक, ठिपके चालू लागले तर लाल कोळी आहे. पाणी घालून बघ. मातीवर तुंबून राहिलं तर कोकोपीट दाटलंय. तसं असेल तरी आज उपटू नकोस. मिरगाआधी कुंडी गॅलरीत छपराखाली, पण उजेडात घे, एका बाजूला विटेचा तुकडा देऊन तिरकी कर, म्हणजे पाणी निथळेल. औषध, खत, कात्री, तिन्ही बंद.

एवढं करूनही गेलं, तर रडत बसू नकोस. हिमालयातलं झाड डोंबिवलीच्या उकाड्यात अण्णांच्या मागे तू एकटीने जगवलंस. आमच्यापैकी कुणी ते घरी नेलंही नाही, हे मी विसरलेलो नाही.

रविवारी सकाळी मी येतोय. भिंग आणतो, मातीही दोघं मिळून बघू. ताईला म्हणावं, जेवायला थांबणार आहे.

तुझा,
मामा