ग्रंथपेटीपासून क्लाउडपर्यंत

ग्रंथ जपून ठेवणे ही एक गोष्ट आणि हवा तो ग्रंथ हव्या त्या वेळी हाती येणे ही दुसरी. पहिली साधली म्हणजे दुसरी आपोआप साधते असे नाही. या दोहोंची सांगड कशी घालावी, हा प्रश्न आपल्या वडोदरा नगरास नवा नाही. आज तोच प्रश्न संगणकाच्या योगाने नव्या रूपात आपल्यापुढे उभा आहे. यास्तव जुन्या व्यवस्थेची थोडी ओळख करून घेऊन मग नवीकडे वळावे, असे आम्ही योजिले आहे.

श्रीमंत सयाजीराव महाराज (तिसरे) यांनी १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू केले. शिकलेल्या प्रजेस वाचावयास पुस्तके हवीत, हे ओळखून त्यांनी १९१० साली विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. बॉर्डन येथे सुमारे तीन वर्षे होते. तेवढ्या अवधीत मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसली, वर्गीकरणाची पद्धती ठरली, ग्रंथपाल तयार करणारा वर्ग निघाला आणि खेडोपाडी ग्रंथपेट्या जाऊ लागल्या. महाराजांनी आपला राजवाड्यातील ग्रंथसंग्रहही या कामी दिला.

या व्यवस्थेचे तीन भाग विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावेत. पहिला, ग्रंथांचा साठा. दुसरा, कार्डांचे सूचिपत्र. त्यावाचून साठा मुका. तिसरा भाग सहसा कोणाच्या नजरेस येत नाही. नवे पुस्तक आले की त्याची दाखलनोंद करावयाची, वर्गांक घालावयाचा, कार्ड लिहावयाचे व ते योग्य खणात लावावयाचे, असा नित्याचा क्रम ग्रंथालयातील कारकून पार पाडी. साठा आणि सूची यांना जोडणारा सांधा तो हाच. हा सांधा निखळला, तर पुस्तक मांडणीवर असूनही वाचकाच्या लेखी ते नसल्यातच जमा.

तीन नवी साधने

आजच्या भाषेत साठ्याच्या जागी ‘क्लाउड’ आला आहे. नाव ढगाचे, पण वस्तू जमिनीवरचीच. मोठमोठ्या इमारतींत सहस्रावधी संगणक अहोरात्र चालू असतात व त्यांवरील जागा आपण भाड्याने घेतो. अ‍ॅमेझॉन कंपनीने २००६ साली अशी साठवण सर्वांस खुली केली. २०१६ पासून मुंबई परिसरातही तिची केंद्रे आहेत.

सूचिपत्राच्या जागी शोधयंत्र आले. विशिष्ट संग्रहापुरते शोधयंत्र दोन प्रकारांनी उभारता येते. पहिल्या प्रकारात गूगलसारख्या मोठ्या शोधयंत्रास आपण ठरावीक संकेतस्थळांची मर्यादा घालून देतो. ते सोपे खरे; परंतु गूगलचा यांत्रिक वाचक आपल्या नव्या पानापर्यंत केव्हा येईल, हे आपल्या हाती नसते. दुसऱ्या प्रकारात मेलीसर्च किंवा टाइपसेन्स यांसारखे यंत्र घेऊन आपली सूची आपणच भरावयाची. नोंद पाठवली की थोड्याच वेळात ती सापडू लागते. शाळेच्या संग्रहास आम्हांस हा दुसरा प्रकार अधिक योग्य वाटतो.

कारकुनाच्या नित्यक्रमाची जागा ‘नो-कोड ऑटोमेशन’ने घेतली आहे. संगणकाची भाषा न लिहिता, पडद्यावर चौकोन मांडून व त्यांना रेषेने जोडून ‘अमुक घडले की तमुक कर’ अशी आज्ञा यंत्रास देणे, हा त्याचा अर्थ. २०११ साली स्थापन झालेले झेपियर व २०१९ साली आलेले एन-एट-एन ही त्यातील प्रसिद्ध नावे होत.

जोडणीचा क्रम

समजा, आपणांस शाळेचे जुने वार्षिकांक शोधता येतील असे करावयाचे आहे. क्रम पुढीलप्रमाणे राहील.

१. विद्यार्थी प्रत्येक पानाचे स्वच्छ छायाचित्र घेऊन ते क्लाउडमधील नेमलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो. फाइलला वर्ष व पृष्ठ यांवरून नाव द्यावे, उदाहरणार्थ, ‘१९५८-०४२’.

२. नवी फाइल आल्याची वर्दी ऑटोमेशनला मिळते. या वर्दीला ट्रिगर म्हणतात.

३. ऑटोमेशन ते चित्र अक्षरवाचक यंत्राकडे धाडते व मजकूर परत मिळवते.

४. तो मजकूर तक्त्यात एका ओळीत लिहिला जातो. शेजारी वर्ष, पृष्ठ, शीर्षक व लेखकाचे नाव यांचे रकाने असतात.

५. शिक्षक किंवा नेमलेला विद्यार्थी मूळ पान समोर ठेवून मजकूर ताडून पाहतो व ‘तपासले’ अशी खूण करतो.

६. ती खूण होताच दुसरी आज्ञा जागी होते व ती नोंद शोधयंत्राच्या सूचीत पाठवते.

यातील पाचवी पायरी गाळू नये. अक्षरवाचक यंत्र ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांत सहज फसते. पुसट छपाईत तर ‘थ’चा ‘य’ व्हावयास वेळ लागत नाही. घन आणि धन यांतील भेद मनुष्य संदर्भाने ओळखतो. यंत्राने चुकीचे वाचले, तर सूचीत चूकच कायम होते.

फाइलच्या नावाचेही महत्त्व कमी नाही. एकच पान अनवधानाने दोनदा पाठवले गेले, तरी क्रमांक तोच असल्याने दुसरी नोंद पहिलीच्या जागी बसते. दुबार कार्ड तयार होत नाही. त्याचप्रमाणे एखादे पान साठ्यातून काढल्यास सूचीतील नोंदही निघावी, अशी आज्ञा वेगळी द्यावी लागते. न दिल्यास, पुस्तक हरवले तरी कार्ड खणात राहिलेच, असा प्रकार होतो.

आपल्या भाषेची अडचण

इंग्रजी मजकुरास न भेडसावणारे काही प्रश्न मराठीत उभे राहतात. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनविषयक नियमांना १९६२ साली शासनमान्यता मिळाली व अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या अंकांत ‘केलें’, ‘कांहीं’, ‘नांव’ असे छापलेले असते, आणि आजचा विद्यार्थी ‘केले’, ‘काही’, ‘नाव’ असे टंकतो. यंत्रास हे भिन्न शब्द वाटतात. सगळेच अनुस्वार पुसून टाकावेत म्हटले, तर ‘अंग’ आणि ‘अग’ एकच होऊन बसतील. यावर उपाय एकच : जुन्या-नव्या रूपांच्या जोड्यांचा कोश सिद्ध करून तो शोधयंत्रास द्यावयाचा. बडोदा, बडोदें व वडोदरा ही तर एकाच नगराची नावे. तीही त्या कोशात हवीत. मूळ मजकूर मात्र होता तसाच जपावा.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र संगणकात दोन रीतींनी नोंदता येतो. डोळ्यांस दोन्ही सारखे दिसतात, पण यंत्र त्यांना वेगळे मानते. यास्तव सूचीत पाठवण्यापूर्वी सर्व नोंदी एकाच रीतीत आणण्याची पायरी ऑटोमेशनमध्ये घालावी. आमची घरची भाषा कोंकणी असल्याने या प्रश्नाची आम्हांस विशेष जाणीव आहे. कोंकणी देवनागरीत लिहितात, रोमी लिपीत लिहितात आणि कन्नड लिपीतही लिहितात. एका लिपीत विचारलेला शब्द दुसऱ्या लिपीतील पानांत आपोआप सापडत नाही. त्या मानाने मराठीचे काम पुष्कळ सोपे आहे.

सावधगिरी

शोधयंत्रास नोंदी लिहिण्यासाठी एक गुप्त किल्ली असते. ती ऑटोमेशनपुरतीच ठेवावी. वाचकांच्या पानावर केवळ शोधण्याची किल्ली असावी. फुकट योजनांत महिन्याला किती कामे होतील, यास मर्यादा असते. म्हणून आधी एकच अंक घेऊन पाहावा. एखादी पायरी अडल्यास शिक्षकास ईमेल जावा, अशी तजवीजही ठेवावी. स्वयंचलित काम बिनबोभाट थांबते, आणि ते थांबले हे कित्येक दिवस कोणास कळत नाही.

कायद्याचाही विचार हवा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क असतो. तेव्हा ज्यांचे लेख आहेत त्यांची किंवा त्यांच्या वारसांची अनुमती घेतल्याशिवाय संपूर्ण लेख सर्वांस खुला करू नये. परीक्षेचे गुण, घरचे पत्ते यांसारखा मजकूर सूचीत घालूच नये.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. गुजरातेत राहून मराठीत लिहिणाऱ्या मुलांचे लेखन ग्रंथविक्रेत्यांच्या दुकानांत मिळत नाही. ते शाळेच्या कपाटात असते, आणि एखादी प्रत कोणा जुन्या विद्यार्थ्याच्या पेटीत. तो कागद पिवळा पडत आहे, कडा तुटत आहेत. आजीने आठवीत असताना लिहिलेला निबंध नातीस वाचावयास मिळावा, अशी इच्छा असेल, तर हे काम कागद टिकून आहे तोवरच व्हावयास हवे. ज्या घरी जुने अंक असतील, त्यांनी ते छायाचित्रे घेण्यापुरते जरी शाळेस दिले, तरी मोठे साहाय्य होईल.

अभ्यासार्थ

१. ग्रंथालयातील दाखलनोंद, वर्गांक व कार्ड यांना नव्या व्यवस्थेत कोणत्या गोष्टी समान आहेत?

२. १९६२ पूर्वीचे कोणतेही मराठी पुस्तक घेऊन त्यातील पन्नास शब्दांची जुनी व नवी रूपे समोरासमोर लिहा.

३. वरील सहा पायऱ्यांपैकी कोणती पायरी यंत्राकडे सोपवू नये, ते कारणासह सांगा.

४. मध्यवर्ती ग्रंथालयास भेट देऊन एखाद्या विषयावरील मराठी पुस्तक तेथे कसे शोधतात, ते पाहून दहा ओळी लिहा.