शासकीय घरे, पाळीव जनावरे आणि निष्कासनाचा प्रश्न

पेनगंगेच्या काठच्या जैनथ व बेला या मंडलांतील शेतकऱ्याचे घर आणि गोठा यांच्यात एका भिंतीचेच अंतर असते. बैल, शेळ्या, कोंबड्या व राखणीचा कुत्रा हे त्याच्या प्रपंचाचे घटकच होत. अशा कुटुंबास शासकीय वसाहतीत घर मिळाले म्हणजे अडचण उद्भवते. तेलंगण शासनाने २०१५ साली हाती घेतलेल्या दोन शयनगृहांच्या घरकुल योजनेत घराचे क्षेत्रफळ ५६० चौरस फूट धरले होते; त्यात गोठ्यास जागा नव्हती. जनावरे दारात बांधली जातात, शेणमूत नालीत साचते, माश्या व डास वाढतात आणि शेजारी निष्कासनाची मागणी करतात.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. जनावर पाळणे हा स्वतः दोष नव्हे. अस्वच्छता हा दोष आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार रहिवाशांच्या संस्थेस बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. तथापि मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ प्रमाणे, वेगळा करार नसल्यास, जागा सुस्थितीत ठेवणे हे भाडेकरूचे कर्तव्य आहे.

निष्कासन करावयाचे झाल्यास रीत पाळणे आवश्यक असते. मुंबईतील पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली असे ठरविले की, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही अंतर्भूत आहे आणि सूचना व म्हणणे मांडण्याची संधी देणे हाच सर्वसाधारण नियम होय. जागा रिकामी करण्याचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. मात्र पावसाळा संपल्यानंतर एक महिन्यापर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, त्या लोकांना हलवू नये असे सांगितले. केंद्र शासनाच्या जागांना लागू असलेल्या १९७१ च्या अधिनियमातही नोटीस, सुनावणी आणि जिल्हा न्यायाधीशाकडे अपील अशी तरतूद आहे.

म्हणून तक्रार येताच अधिकाऱ्याने प्रथम जागेची पाहणी करून पंचनामा करावा. राहणारा भाडेकरू आहे की लाभार्थी, हे कागदावरून पाहावे. कारण दोघांना लागू होणाऱ्या अटी भिन्न असतात. नंतर दोष नेमका लिहून सुधारणेस मुदत द्यावी. वसाहतीलगत सामाईक गोठा व खतखड्ड्यांसाठी जागा नेमून दिल्यास पुष्कळ तक्रारी तेथेच मिटतात. उपद्रव चालूच राहिल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यास तो दूर करण्याचा सशर्त आदेश देता येतो. निष्कासन हा अखेरचा उपाय होय. घर गेल्यास बैल विकावे लागतात आणि बैल गेल्यास शेती बसते, हे विसरता कामा नये.

रहिवाशांनीही शेण रोज खड्ड्यात टाकावे, नाली मोकळी ठेवावी व कुत्र्यास रेबीजची लस टोचून घ्यावी. तक्रारीच्या भीतीने जनावर रस्त्यावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली अपराध आहे.

अभ्यासासाठी प्रश्न
१. जनावर पाळणे व उपद्रव होणे यांत भेद कोणता?
२. निष्कासनापूर्वी कोणत्या पायऱ्या पार पाडाव्यात?
३. आपल्या वसाहतीत सामाईक गोठ्यासाठी योग्य जागा कोणती?